जोडकार्डाचं कोरं अर्ध

घरच्या माणसानं साधा प्रश्न विचारला आणि तुम्ही उत्तर द्यायचं सोडून त्याच्या चुका काढत बसलात, असं कधी झालं आहे का? माझ्या हातून झालं आहे. जवळजवळ वर्षभर. आणि ते मी मोठं समाजकार्य समजून केलं.

आमचं घर अमरावतीला. बाबा दिवसा शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी एका छापखान्याची प्रूफं तपासायचे. त्यामुळे घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवर. संयुक्त महाराष्ट्र का हवा हे सांगणारं पत्रक आणि वेगळा विदर्भ का हवा हे सांगणारं पत्रक एकाच संध्याकाळी, एकाच लाल पेन्सिलीखाली यायचं. एकदा मी चिडून विचारलं, "बाबा, याच्यातलं खरं कोनतं?"

बाबा मान वर न करता म्हणाले, "मजकुरात शिरू नको, बाबू. आपन फक्त चुका पाह्याच्या."

त्या वाक्याचा मला संताप यायचा. ज्याला मजकुराचं काही वाटत नाही, त्यानं वेलांट्या तरी कशाला सुधाराव्यात? कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागलो. मुलींच्या शिक्षणावर लिहिताना तर माझा हात थांबत नसे. माझ्या ताईला नववीतून काढून अकोल्याला दिलं होतं. तेव्हा मी लहान होतो, गप्प राहिलो होतो. त्या गप्प राहण्याची भरपाई मी पत्रकांतून करत होतो.

एका दिवाळीत ताई माहेरी आली ती ठरवूनच. बाहेरून मॅट्रिकला बसायचं, पास व्हायचं, आणि जमलं तर प्राथमिक शाळेत मास्तरीण व्हायचं. बाकीचे विषय ती वाचून काढणार होती. अडत होतं ते इंग्रजी, त्यातही भूतकाळातले प्रश्न. ती लसूण सोलत बसली होती आणि मी समोर वही घेऊन.

"वेन्ट म्हंजे गेला. बरोबर?" ती म्हणाली. "मंग 'गेला का' इचारतानी ते वेन्ट काहून पयून जाते?"

"कारण भूतकाळ डिडनं उचलला, ताई. डिड पुढं आलं की मागचं क्रियापद साधं. डिड ही गो. भार एकानंच उचलायचा."

"अस्सं!" ती लसणाची पाकळी माझ्याकडे रोखून म्हणाली. "म्हंजे डिड त्या घरची सून हाय. पुढं हुभी राह्यते, सगळं वझं घेते, मागचे आरामात."

आई चुलीपाशी हसत सुटली. मी मात्र मास्तरासारखा गंभीर राहिलो.

जाताना तिनं मला कामाला लावलं. दर आठवड्याला ती टपालाचं जोडकार्ड पाठवणार. एका अर्ध्यावर तिनं बनवलेले इंग्रजी प्रश्न, दुसरं अर्ध माझ्या उत्तरासाठी, त्यावर तिचा पत्ता तिनंच लिहून ठेवलेला. "मराठीत काई लिवता येत नाई रे," ती बैलगाडीत चढताना हळूच म्हणाली. "आलेलं कार्ड मोठ्यानं वाचते थे लोकं, अन् जाणारं बी. इंग्रजी कोनाले येत नाई." भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, कापसाच्या जिनात कारकून होते, पण त्यांचं इंग्रजी गठाणींवरच्या अक्षरांपुरतं.

ही गोष्ट तिनं मला इतकी उघड सांगितली होती. मी ती ऐकून घेतली आणि विसरलो.

पहिलं कार्ड आलं. 'डिड मदर वेन्ट टू फेअर?' आई कौंडण्यपूरच्या जत्रेला गेली का. मी उत्तराच्या अर्ध्यावर तेच वाक्य शुद्ध करून लिहिलं, 'गो'खाली लाल रेघ मारली आणि पाठवून दिलं. आई जत्रेला गेली होती. ताईसाठी हिरव्या बांगड्या घेऊन आली होती आणि त्या फडताळात ठेवल्या होत्या. त्यातलं काही मी कळवलं नाही. अभ्यासाचं कार्ड होतं ना.

मग येतच राहिली. 'डिड द नीम ट्री फेल इन विंड?' 'डिड फादर आस्क्ड अबाउट मी?' दारातला निंब वाऱ्यात पडला का, बाबांनी माझं विचारलं का. मी दोन्हीकडे फक्त क्रियापद पाहिलं. बाबा विचारत असत. रोज नाही, पण आषाढात लेकी माहेरी येतात त्या दिवसांत दारातल्या खुर्चीवर बसून रस्त्याकडे बघत. 'आस्क'खाली रेघ. चूक वारंवार होत असेल तर समासात मी लिहायचो, 'दहा वेळा लिहा.' तिला 'लिहा', आदरार्थी.

त्याच साली आम्ही पाच-सहा मित्र अकोल्याला सभेला गेलो. विषय मुलींच्या शिक्षणाचा. मी खूप तापून बोललो, टाळ्या पडल्या. ताईचं घर सभेच्या मैदानापासून चार गल्ल्यांवर होतं. गेलो नाही. कामात घरचं आणायचं नाही, असं माझं तत्त्व होतं. शिवाय तिच्याकडे गेलं की चहा, पोहे, रिकाम्या हातानं कसं जायचं, आणि परतीची बडनेऱ्याची गाडी चुकली असती. तत्त्व सोयीचं होतं, एवढंच खरं.

पुढच्या आठवड्याच्या कार्डावर एकच ओळ होती. 'डिड यू केम टू अकोला?'

मी ती वाचली. प्रश्न कळला. आणि मी काय केलं? लाल पेन्सिल घेतली. 'डिड यू कम टू अकोला?' 'कम'खाली रेघ. समासात, दहा वेळा लिहा.

आठ दिवसांनी तिचं कार्ड आलं. बारीक, नीट अक्षरात 'डिड यू कम टू अकोला?', एकाखाली एक, दहा वेळा. एकही चूक नाही.

त्याला मी काही पाठवलं नाही. तपासायला काहीच उरलं नव्हतं. नंतर तिची जोडकार्डं बंद झाली आणि त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. पुढं भाऊजींकडून कळलं की सभेचं पत्रक शेजारणीनं घरी आणून दिलं होतं. "तुह्या भावाचं नाव हाय वं याच्यात!" ताईनं त्या दिवशी दुपारीच पोह्यांसाठी कांदा चिरून ठेवला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "तो येईन तवा चीर नं वं." दिवेलागणीला तो कांदा पिठल्यात गेला.

नंतर मी गेलो अकोल्याला, अनेकदा. ती हसते, वाढते, आग्रह करते. एकदा धीर करून विचारलं, "ताई, इंग्रजीचं काय झालं?"

"जाऊ दे नं बाप्पा," ती ताटात भाकर टाकत म्हणाली. "कोनाले काय इचाराचं हाय आता मले?"

आता तिची कार्डं मराठीत येतात. इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी. व्याकरणात दोष नाही. ती वाचताना मला लसणाची पाकळी रोखून बोलणारी ताई आठवते. एखादं 'डिड यू वेन्ट' येईल म्हणून मी अजून डाकेची वाट पाहतो. कार्ड उलटतो. खुशाली असते.

ते दहा ओळींचं कार्ड माझ्याकडे आहे. उत्तराचं अर्ध अजून जोडलेलं आहे, त्यावर तिच्या हातचा पत्ता, पाठीमागची बाजू कोरी. हे लिहायला बसण्याआधी ते मी फाडून वेगळं केलं. लिहिलं, "हो ताई, आलो होतो. तुह्या घरी आलो नाई. चुकलं माह्यं. बाबा तुले इचारत होते. निंब हुभाच हाय. आईनं तुह्यासाठी बांगड्या आनल्या होत्या." हे कार्ड तिच्या घरी मोठ्यानं वाचलं जाईल. वाचू देत.

तुमच्याकडेही कुणाचा तरी असा प्रश्न पडून असेल, मोडक्या भाषेतला, खिशात किंवा ट्रंकेत. तो आज काढा. चुकांना हात लावू नका. खाली उत्तर लिहा आणि डाक निघायच्या आत पेटीत टाका.