नापास तबकडी

अण्णा गेल्याची बातमी मला कचेरीतल्या फोनवर कळली. दुपारी दोन मिनिटं शांतता पाळायचं ठरलं. संचालकसाहेबांकडे पाहुणे आले होते, म्हणून ती एका मिनिटावर आली, आणि तेवढ्यातही कुणीतरी खुर्ची सरकवली. अण्णाने ती शांतता नापास केली असती.

तेच त्याचं काम होतं. बंगळूरबाहेर, बनशंकरीच्या रस्त्याला एका शेडमध्ये आमची कंपनी लाखेच्या तबकड्या काढू लागली, तेव्हापासून तो बंद खोलीत बसून प्रत्येक गाण्याची नमुना तबकडी ऐकत असे. खरखर, ठोका, घरघर... काहीही ऐकू आलं की खडूने फुली. गाणं कसं होतं हे मात्र त्याला कधी सांगता येत नसे. फुलीची तबकडी फोडायची, दळायची आणि भुगा पुढच्या तबकड्यांच्या लगद्यात मिसळायचा, हा कंपनीचा रिवाज.

त्याची थोरली बहीण सुंदराक्का पाळणे फार गोड म्हणायची. साहेबांची मनधरणी करून अण्णाने तिचा एक पाळणा भरून घेतला. नमुना आला तेव्हा तिला कौतुकाने आपल्या खोलीत बसवलं; मीही होतो. पाळणा संपला आणि अण्णाने सुई उचलली.

"अक्का, ओळींच्या मधे तुझा श्वास वाजतोय."

"वाजणारच की! जिवंत बाई आहे मी, पेटी नव्हे."

"पेटीचा भाता वाजला तरी मी फुली मारतो."

"मार बाबा. बहिणीला नापास केलंस म्हणून साहेब शाल देतील."

"पुढच्या महिन्यात पुन्हा म्हण. श्वास तेवढा स्वल्प हळू घे."

"सरी, तसंच करीन," म्हणून ती हसली, आणि त्याने फुली मारली.

पुढचा महिना उजाडायच्या आत अक्का न्यूमोनियाने गेली. तिचे दिवस झाल्यावर अण्णा कामावर आला तो थेट दळणाच्या खोलीत शिरला. तबकडी दळून झाली होती, साचा वितळवला होता, मूळ मेण तासून त्यावर दुसरं गाणं घेतलं होतं. कुणाचीच चूक नव्हती. आमच्या कंपनीत तेवढं एकच काम वेळेवर होई.

"भुगा कशात गेला?" त्याने विचारलं.

संचालकसाहेबांच्या वर्धापनदिनाच्या भाषणात गेला होता. ते भाषण मीच लिहिलेलं, त्यामुळे त्यात काही नव्हतं हे खात्रीने सांगतो. त्या तबकड्या फुकट वाटूनही उरल्या. अण्णाने मात्र एक मागून घेतली. लोक म्हणाले, बढती हवी असेल. कारण त्याने फक्त मला सांगितलं.

पुढे टेप आली. चुकलेलं पुसून पुन्हा भरता येतं, असं साहेब उद्घाटनात छाती फुगवून सांगत होते. अण्णा माझ्या कानाशी पुटपुटला, "पुसायची सोय आपल्याकडे आधीपासून होतीच." लाखेचं खातं बंद झालं आणि त्याला टेपच्या खोक्यांवर चिठ्ठ्या डकवायला बसवलं.

तेराव्यानंतर अण्णाच्या घरी गेलो तेव्हा वहिनी कपाट आवरत होत्या.

"साहेबांचं भाषण यांनी रेशमी फडक्यात का हो गुंडाळलंय? टाकून देऊ?"

मी सांगितलं. त्यांनी ग्रामोफोनला चावी दिली, तबकडी चढवली. सुई मात्र लावली नाही. साहेबांना बोलू न देता ती फिरत राहिली, आणि चावी उतरेपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो.