भावजींचं सायकस

प्रयोगशाळेत त्यांना सगळे चिमटाबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. वाळवलेल्या पानाची पूड कथलाच्या इवल्याशा पुडीत भरायची, तर बोट लावून चालत नाही; हाताचा घामसुद्धा पूड तपासणाऱ्या मोठ्या यंत्राला कळतो. त्यामुळे बाईंच्या हातात दिवसभर चिमटा. घरी त्या बिस्किटसुद्धा चिमट्यानेच चहात बुडवतात, असं सहकाऱ्यांचं म्हणणं. बाई म्हणत, "काहीतरीच!" पण त्यांच्या नवऱ्याला विचारलं की तो नुसता गालातल्या गालात हसे.

काम मात्र मोठं नाजूक. झाड ज्या मातीत वाढतं, ज्या पाण्यावर जगतं, त्याची खूण त्याच्या अंगात राहते. नायट्रोजन काय, ऑक्सिजन काय, प्रत्येकाची हलकी आणि जड अशी भावंडं असतात. पुस्तकात त्यांना समस्थानिकं म्हणतात. डोंगरावरच्या झाडात त्यांचं प्रमाण एक, आणि नळाच्या पाण्यावर, विकतच्या खतावर पोसलेल्या झाडात दुसरं. ते प्रमाण मोजायचं, की झाड न बोलता आपलं मूळ गाव सांगून टाकतं.

एकदा वनखात्याने एका रोपविक्रेत्याकडून दुर्मीळ सायकसची, छोट्या ताडासारखी दिसणारी झाडं जप्त केली. ही जात एकाच डोंगरावर उरलेली, तीही मोजकीच. विक्रेता म्हणे, सगळी माझ्या रोपवाटिकेत वाढवलेली. खरंखोटं करायला दोन्हीकडचे नमुने हवे होते: डोंगरावरचे आणि नक्की घरी वाढवलेले.

"डोंगरावरचे खातं देईल. घरचे कुठून आणायचे?" विभागप्रमुख मॅडमनी विचारलं.

"माझ्या भावजींकडे आहे की!" चिमटाबाई ताठ मानेने म्हणाल्या. "स्वतः बी पेरून वाढवलंय."

भावजी म्हणजे बाईंच्या ताईचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासायला आलेल्या माणसाला अक्षरं दिसोत न दिसोत, सायकसची गोष्ट ऐकावीच लागे. बी कसं मिळालं, कोंब कसा फुटला, अगदी साग्रसंगीत. ताई म्हणायची, "माझ्या वाढदिवसाला विसरतील, पण याला नवं पान आलं की पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवतात."

नमुना हवा म्हटल्यावर भावजींची छाती फुगली. त्यांनी स्वतः कात्री आणून कोवळं पान कापून दिलं. बाईंनी मग खाली बसून बुंध्याजवळचा जुन्या पानाचा वाळका देठही खरवडून घेतला.

"ते कशाला आणखी?" भावजी जरा तुटकपणे म्हणाले.

"जुनं आणि नवं दोन्ही लागतं, भावजी."

"हं," म्हणत ते चष्मा पुसत बसले. चष्मा लख्ख होता.

निकाल आला तेव्हा बाईंना वाटलं, यंत्र बिघडलं. कोवळं पान सांगत होतं नळ आणि खत. बुंध्याचा देठ मात्र चक्क डोंगर सांगत होता. यंत्र तपासलं, ठीक होतं. मग बाईंनी स्वतःवर संशय घेतला, सगळं नव्याने दळलं, नव्याने भरलं. पुन्हा तेच. आता संशय घ्यायला भावजी सोडून कोणी उरलं नाही.

मॅडमनी आकडे पाहिले, मग झाडाचा फोटो. "या झाडाच्या माथ्यावर आलेला बियांचा शंकू पाहिलात? ही मादी आहे. डोंगरावर खात्याला आता नरच सापडतात. माद्यांचे शंकू मोठे, नजरेत भरणारे, त्याच आधी खणून नेल्या. हे खात्याला कळवावं लागेल."

"कळवूच. पण आधी मला घरी बोलू द्या," बाई म्हणाल्या. इतकी वर्षं झाडांचं पितळ उघडं पाडलं होतं. घरच्या माणसाचं पाडायची वेळ पहिलीच.

भावजी आधी यंत्रावर घसरले. "जुनं असेल तुमचं."

"नवं कोरं आहे."

"मग तुझ्या चिमट्याला काहीतरी लागलं असेल."

"चिमट्याला धूळ लागते, भावजी. डोंगर नाही लागत."

ताई दारात उभी होती. ती म्हणाली, "मी बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा कुंडीत नुसती माती होती. परत येते तर गुडघ्याएवढं झाड! मला वाटलं, जातच वाढीची असेल. लोक म्हणतात वर्षाला बोटभर वाढतं, तरी मी तोंडातून शब्द काढला नाही."

भावजींनी कुंडीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बी कुजलं गं. गावभर सांगून बसलो होतो. त्याच सुमारास हा तुमचा जप्तीवाला विक्रेता झाड घेऊन दुकानात आला." नजर कुंडीवरच ठेवून ते म्हणाले, "मुळांना लाल माती होती. तोडलेली मुळं होती. मला दिसलं होतं. मी ती माती धुऊन टाकली."

चिडवायला बाईंच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथेच राहिलं. भावजींचा चेहरा इतका उतरला होता, की बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

दुसऱ्या दिवशी भावजी आपण होऊन खात्यात गेले. बाई सोबत होत्या. भावजींनी झाड याच विक्रेत्याकडून घेतल्याचं सांगितलं, जबाब दिला. स्वतःहून आले म्हणून साहेबांनी कडक शब्दांत समज देऊन सोडलं. तेवढ्यानेही भावजी घामाघूम. जप्त झाडांचे बुंधेही डोंगराचेच निघाले, आणि भावजींची साक्ष जोडीला आल्यावर विक्रेत्याला पळवाट उरली नाही.

सायकस सरकारी उद्यानात हलवलं गेलं. टेंपोत पुढे जागा रिकामी असताना भावजी मागे झाडाशेजारी बसले, त्याच्यावर छत्री धरून. ऊन झाडाला लागतं की यांना, हे कोणी विचारलं नाही. त्यानंतर महिनाभर ते मेव्हणीशी "हो", "नाही" एवढंच बोलत. ताईने मात्र रिकाम्या कोपऱ्यात कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि बहिणीला फोन करून आभार मानले.

पुढे डोंगरावरच्या नराचा पराग आणून शंकूवर फुंकला गेला. भावजी दर रविवारी उद्यानात जात आणि पाणी कसं घालावं हे माळ्याला शिकवत. माळी बिचारा त्यांना लांबून पाहिलं की नळी टाकून पलीकडे सटके.

एका रविवारी त्यांनी बाईंना फोन केला. "येतेस का? शंकू उकललाय म्हणे."

दोघं गेली. शंकूच्या खवल्यांआड टपोऱ्या, केशरी बिया दिसत होत्या. माळ्याने एक काढून भावजींच्या तळहातावर ठेवली. भावजी आता भाषण ठोकणार म्हणून बाई आणि माळी तयारीत उभे राहिले. पण बी अलगद परत देऊन त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि बाईंनी लगबगीने दुसऱ्याच एका झाडाची पाटी वाचायला सुरुवात केली.