समोरून येणारी गाडी

चादरीची दोन टोकं बायकोच्या हातात होती, दोन ड्रायव्हरच्या. पहिली घडी पडते न पडते तोच बेल वाजली आणि हातातली टोकं टाकून तो दाराकडे धावला.

"अहो, चादर!"

पण ऐकतो कोण? खोकं आलं होतं.

उभा जन्म त्याने शहराची बस चालवली. मग डेपोत एकदा झटका आला आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग कायमचं बंद केलं. तेव्हापासून तो कुठेही पायीच जाई. बसमध्ये प्रवासी म्हणून बसायचं त्याच्या जिवावर येई. घरात तोंडातून शब्द काढत नसे. एके दिवशी गोदामामागच्या मैदानात रिमोटच्या गाड्यांची शर्यत पाहून आला आणि जेवताना आपणहून बोलला. बायको त्या रात्री देवाजवळ जरा जास्तच वेळ बसली.

तिथे शर्यती भरवणाऱ्या क्लबातल्या जुन्या खेळाडूला सगळे पाना म्हणत. त्याने बजावलं होतं, "काका, थोडक्यात भागवायचंय ना? मग आम्ही पळवतो तीच घ्या. हळू आहे, पण मोडली तर सुटा भाग कुणाच्याही पेटीत सापडेल."

"मी काय शिकाऊ आहे?" ड्रायव्हरला ते लागलं. त्याने तेवढ्याच किमतीतली, पण भन्नाट पळणारी, क्लबात कुणाकडेच नसलेली गाडी मागवली.

त्याच संध्याकाळी खोक्यातली गाडी मैदानात सोडून, रिमोट घेऊन तो इतरांबरोबर कडेच्या मचाणावर उभा राहिला. पहिलं वळण असं झोकात घेतलं की पाना म्हणाला, "वा काका!" मग गाडी टोकाला जाऊन त्याच्याकडे तोंड करून येऊ लागली. समोरून येणाऱ्या गाडीचं डावं ते बघणाऱ्याचं उजवं. नवशिकेही चार शर्यतींत सरावतात. पण ह्याचे हात जन्मभर डोळ्यांमागून गेलेले; डोळा वळेल तिकडे चाक. डोक्याला कळत होतं, हात ऐकत नव्हते. गाडी कडेच्या फळीवर धडकली. सरळ करून ठेवली, पुन्हा धडकली.

"काका, मनाने गाडीत जाऊन बसा की!"

"तिथेच तर बसता येत नाही रे आता."

तिसऱ्या धडकेला पुढच्या चाकाचा दांडा तुटला. पानाने सगळ्यांच्या पेट्या उपसल्या. एकही दांडा बसेना. इतरांच्या गाड्या आपटत होत्या, उठत होत्या, पळत होत्या.

घरी आल्यावर बायकोने हळूच विचारलं, "नवा दांडा मागवायचा का?"

"सुटा मिळत नाही. अख्खी गाडी घ्यावी लागते."

"मग?"

"मग काय. झालं गाडी चालवून."

अर्धवट घडीची चादर खुर्चीवर तशीच पडली होती. त्याने आपली दोन टोकं उचलली, बायकोने तिची. घडी पुरी झाली. तिने देवाकडेही काही मागितलं नाही.

"सकाळी लवकर उठव," तो म्हणाला. "बसचा पास काढायला जायचंय."