नऊ नंबरची नळी

पद्माकर खांबेटे मुनिरकाजवळच्या एका संशोधन संस्थेत वीस वर्षं रक्ताच्या नळ्या सांभाळत होते. उभं आयुष्य दिल्लीत गेलं, पण नळीवर आकडा काढायचा तो मराठीच. "खांबेटेजी, अब तो अंग्रेज़ी में लिखिए," म्हणून साहेब चिडवायचे. हे हसून सोडून द्यायचे. मोठा हट्टी माणूस!

रक्तातल्या पांढऱ्या पेशी कॅन्सरशी कशा लढतात आणि त्याच पेशी हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर का उलटतात, हा तिथला अभ्यास. पद्माकरांच्या पत्नीला, साधनाला, स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा तिनंही रक्त दिलं. तिचा नंबर नऊ.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आला. नळ्या नव्या डब्यांत नंबरवार लावायला पद्माकरांनी आपल्याच मुलीला, रुचिराला, कॉलेजच्या सुट्टीत नेलं. तपासणीत नऊ नंबरच्या पेशी भलत्याच आक्रमक निघाल्या. रुचिरा नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये धावतच शिरली.

"आई, तुझ्या सेल्स एकदम फायटर आहेत यार!"

केमोच्या उलट्यांनी साधना अर्धी झाली होती. "मग ते विष कशाला?" म्हणत तिनं पुढची सलाइनं नाकारली. डॉक्टर संतापले. पद्माकरांनीच तिची बाजू घेतली.

दिवाळीत रोग यकृतात पोचला. इतक्या आक्रमक पेशी असताना हे कसं, असं पद्माकरांच्या मनात आलं. त्यांनी फ्रीझर उघडला. नऊच्या खणात त्यांच्याच अक्षरात '१' होता. रुचिरा इंग्रजी शाळेतली, तिच्या हिंदीच्या पुस्तकातही आकडे इंग्रजीच. बापाचा मराठी एक तिला इंग्रजी नऊ दिसला होता. तो एक नंबर पानिपतच्या एका हृदयरोग्याचा. त्या पेशी चवताळल्या होत्या त्याच्याच रक्तवाहिन्यांवर. साधनाची खरी नळी ओळखू न आलेल्या नळ्यांत पडून होती. पद्माकरांनी ती स्वतः तपासली. पेशी ढिम्म होत्या.

त्यांनी फक्त साधनाला सांगितलं. तिनं त्यांचा हात धरला.

"रुचिराला कळता कामा नये. माझी शपथ आहे तुम्हाला."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडून आल्यावर पद्माकरांनी सवयीनं डायरीत लिहिलं, 'डॉक्टर म्हणाले, १ वर्ष.' पाणी प्यायला ते उठले, तेवढ्यात रुचिरानं डायरी उचलली.

"नऊ वर्षं! बाबा, सच्ची?"

पद्माकरांनी डायरी घ्यायला हात पुढे केला.

"हो गं," साधना म्हणाली. "नऊ."