सलीमभाईंची कार्बनची पॅडल

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा, पण हातातला चहा सांडू नका. अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये!

मी लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. घर्षण हा माझा हातखंडा विषय. तो ऐकायला हदगाव-बिलोलीहून पोरं येतात, असं निदान मी तरी सगळ्यांना सांगतो.

तर आमच्या संचालकांनी क्लासच्या पार्किंगमध्ये पिकलबॉलचं कोर्ट आखलं. लहान टेनिसच म्हणा, फक्त रॅकेटऐवजी सपाट फळीसारखी पॅडल. शिकवून शिकवून मास्तरांची पोटं सुटली होती ना! आता पॅडल्स घ्यायच्या, पण कसल्या? फायबरग्लास, ग्रॅफाइट की कार्बन?

"सर, पृष्ठभागाचा विषय आहे. तुम्हीच ठरवा," संचालक म्हणाले. झालं! मी फुगलो.

खेळाच्या सामानाचं दुकान असलेले सलीमभाई घरी तीन नमुने घेऊन आले. "सर, फायबरग्लासनं चेंडू जोरात जातो. ग्रॅफाइट हाताला हलकं. पण ह्या कार्बनवर बोट फिरवून बघा. खरखरीत हाय ना? ते चेंडूला धरतंय अन् फिरकी देतंय. सगळी करामत त्या खरखरीतपणातच हाय."

मी मान हलवली आणि नमुने तपासायला ठेवून घेतले. मला काय सांगता, घर्षण माझाच विषय!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाटावर विळी, हातोडा, पाना मांडला, दारात स्कूटर धुऊन उभी केली. म्हटलं, पॅडल तरी काय, हत्यारच की! त्यातल्या त्यात भारी म्हणून कार्बनच्या पॅडलला दोन्ही बाजूंनी ओलं हळदकुंकू लावलं. पाची बोटं, चांगली ठसठशीत.

वाळल्यावर पुसायला गेलो तर निघेना! कुंकू त्या खरखरीतपणात जाऊन बसलेलं. दुसऱ्याची वस्तू अशी परत कशी द्यायची? मग काय, घेतली तारेची घासणी, घेतली भांड्याची पावडर, आणि घाम निघेस्तोवर घासली. पॅडल अशी लखलखली म्हणता! बायको म्हणाली, "पातेली कधी घासली न्हाईत अशी." मला तो चक्क शाबासकीचा सूर वाटला.

दसरा झाला आणि सगळ्या शिक्षकांसमोर माझं प्रात्यक्षिक ठरलं. सलीमभाईही आले होते. मी तिन्ही पॅडल्सवर एकेक खोडरबर ठेवलं आणि त्या हळूहळू तिरक्या केल्या. सगळ्यात आधी कुठलं घसरावं? कार्बनवरचं!

माझ्यातला मास्तर खवळला. "हा कार्बन खोटा आहे! सलीमभाई, तुम्ही आम्हाला फसवताय!"

संचालकांच्या कपाळाला आठ्या. "मग यांच्याकडून काहीच नको."

सलीमभाईंचा चेहरा उतरला. "सर, अब्बांच्या वेळेपासनं आमच्या दुकानात खोटा माल आला न्हाई. असं चारचौघांत बोलू नका."

त्यांनी पॅडल उचलली, बोट फिरवलं, मग काठाची रबरी पट्टी नखानं जराशी उचलली. आत लालभडक! मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, "सर, कंपनी कार्बन लावती, कुंकू लावत न्हाई. कशानं घासली?"

"तारेच्या घासणीनं," मी खाली बघत पुटपुटलो.

"मी बोलत न्हाई कुणाला. तुमचं नाव मोठं हाय. पण आमच्या दुकानाचं नाव तेवढं सांभाळा."

अहो, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! हा माणूस माझी अब्रू झाकत होता, आणि मी त्याची पार्किंगमध्ये मांडून बसलो होतो.

परत पुढे गेलो. "पॅडल खरी आहे. सलीमभाईही खरे आहेत. मी तिची पूजा केली आणि मग सगळं घर्षण घासणीनं काढून टाकलं."

पार्किंगमध्ये जो हशा उठला!

वीस वर्षं शिकवतोय मी. एकानंही "सर, परत समजावून सांगा" म्हटलं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.