म्हाताऱ्या सेनापतीचा नंबर

आमचे हे लंडनच्या कडेच्या एका क्रिकेट क्लबात वीस वर्षं स्कोअरर होते. कंपवातानं हात थरथरायला लागला तसा क्लब सुटला. कोरी स्कोअरबुकं तेवढी घरी राहिली. मग यांनी लायब्ररीनं काढून टाकलेला प्राचीन चीनच्या इतिहासाचा एक ठोकळा उचलून आणला आणि तिथल्या योद्ध्यांना बळ, नेम, घोडदौड असे दहापैकी गुण देऊन त्यांचे नंबर लावायला लागले.

"आपल्याकडे काय शूरवीर कमी पडले?" मी विचारलं.

"आपल्या माणसांच्या मॅचला अंपायर न्यूट्रल राहत नाही," हे म्हणाले.

वाघ समजून दगडात बाण रुतवणारा धनुर्धर तिसरा. काशाचं अगडबंब पातेलं उचलणारा दुसरा. ताकद भरपूर, डोकं कमी, म्हणून एक गुण कापलेला. फौज घेऊन लढणारी राणी नववी, यावरून आमची कायमची भांडणं. आणि पहिला होता एक म्हातारा सेनापती. तो परमुलखात दिवस काढत होता. अजून लढू शकतो का, हे बघायला त्याच्या राजानं दूत पाठवला. म्हातारा दूतासमोर ढीगभर भात-मांस जेवला, चिलखत चढवून घोड्यावर बसला. पण दूत शत्रूला फितूर होता. त्यानं कळवलं, जेवतो चांगला, पण तेवढ्यात तीनदा शौचाला गेला. राजानं त्याला बोलावलंच नाही. ही गोष्ट सांगताना हे दरवेळी चिडायचे.

या वर्षी मला यांना आंघोळ घालणं झेपेनासं झालं. मी चौऱ्याहत्तरची, कंबर कामातून गेलेली. मुलगी कॅनडातून फोनवर काळजी करते. सकाळी आंघोळीपुरता केअरर मिळावा म्हणून कौन्सिलला अर्ज केला. पाहणीला एक बाई येणार होती.

"अहो, तिच्यासमोर शौर्य दाखवू नका," मी बजावलं. "वॉकर धरूनच चाला."

यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बेल वाजली आणि वॉकर कोपऱ्यात टाकून, ब्लेझर घालून, भिंत धरत स्वारी दारात. ब्लेझरची बटणं मीच लावून दिली होती. मीही सकाळपासून बाथरूम लखलखीत घासलं होतं, साबुदाणा वडे तळले होते. घरी कुणी येणार म्हटलं की आमचे हात आपोआप चालतात. यांनी तिच्यासमोर केटल भरली, आंघोळ माझी मीच करतो म्हणून इंग्रजीत ठणकावून सांगितलं. मला इतका संताप आला की वड्याची चटणी द्यायची विसरले.

पुढे आठ दिवस मी यांना घालूनपाडून बोलत होते. "फिटली हौस? आता करा आंघोळ स्वतःची स्वतः."

मग पत्र आलं. केअरर नामंजूर. यांचं नाटक बाईला पहिल्या मिनिटात कळलं होतं. भिंत धरून चालतात, आंघोळीला मदत लागते, सगळं नीट लिहिलं होतं. पुढे होतं: ही मदत पत्नी करते, आणि जमतंय असं तिनं स्वतः सांगितलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तेव्हा आठवलं. निघताना दारात तिनं विचारलं होतं, "अँड यू? हाऊ आर यू कोपिंग?" उरलेले वडे डब्यात भरून तिच्या हातात देत मी म्हटलं होतं, "ओ, वी मॅनेज." कुणी कसं काय विचारलं की चाललंय म्हणायचं, जन्मभर दुसरं काही म्हटलंच नाही.

पत्र मी यांना वाचून दाखवलं नाही. "नाही म्हणाले," एवढंच सांगितलं.

"माझ्यामुळे," हे म्हणाले.

मी भांडी घासायला गेले.

पुन्हा अर्ज करता येतो म्हणे. पण पुन्हा कुणी दारात विचारलं तर माझ्या तोंडून दुसरं काही निघेल, असं मला वाटत नाही.

काल स्कोअरबुक उघडं होतं. म्हातारा सेनापती शेवटच्या नंबरवर गेला होता. शेरा होता, 'नको तेवढं जेवला.' पहिल्या नंबरवर, थरथरत्या अक्षरात, राणी.

"झालं तुझ्या मनासारखं?" यांनी विचारलं.

मी हो म्हटलं, आणि यांना आंघोळीला उठवायला वाकले.