एकतिसाव्या फोटोतला दगड

एकतिसावा फोटो उघडला तेव्हा चार वाजले होते. सगळं काम सहापर्यंत पाठवायचं होतं. फोटो फ्रान्समधल्या एका जुन्या, राजवाड्यासारख्या बंगल्याच्या बागेचा होता. अशा बंगल्याला तिकडे शातो म्हणतात. पुढे रांगेत कातरलेली झुडपं, मागे तळं. सगळं विकायला काढलेलं.

मी हिंगोलीत फोटो रिटचिंग करते. म्हणजे विकायच्या घरांचे फोटो परदेशातले ब्रोकर पाठवतात आणि आम्ही ते नीटनेटके करून देतो. आभाळ निळं करायचं, वाळलेलं लॉन हिरवं करायचं, भिंतीवरची ओल झाकायची. पाइप, बादल्या, कचऱ्याचे डबे पुसून टाकायचे. या नको असलेल्या वस्तूंना आमच्यात क्लटर म्हणतात.

या फोटोत एका मोठ्या झाडाखाली गुडघाभर उंचीचा दगड होता. मी झूम केलं. शेवाळाखाली कोरलेलं नाव आणि दोन सालं. दोन्हींत सहा वर्षांचं अंतर.

ते काय आहे हे कळायला फ्रेंच यायची गरज नव्हती. सेनगावजवळच्या आमच्या शेतात आजोबांची समाधी आहे. सोयाबीन पेरताना ट्रॅक्टर तिला वळसा घालून जातो. तसं कुणी कुणाला सांगत नाही, पण जातो.

मी ऑफिसच्या मालकांकडे, गजानन सरांकडे गेले.

"सर, एका फोटोत थडगं दिसून राहिलं. लहान लेकराचं असंल. ठेवू का?"

"ब्रोकरनं काय लिहिलंय?"

"क्लटर काढा, झाडाखालची जागा मोकळी दाखवा."

"मग काहून विचारून राहिल्या ताई?"

"त्यांना एक मेल टाकू का?"

"उत्तर यायला उद्या उजाडंल. काम आज द्यायचंय."

खरं तर ब्रोकरचा पत्ता माझ्याकडेही होता. दोन ओळी लिहिता आल्या असत्या. मी लिहिल्या नाहीत. बाजूचं गवत उचलून दगडावर पसरलं. गवत इतकं बेमालूम जुळलं की सर म्हणाले, "एक नंबर." आणि मला तेव्हा बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

तीन आठवड्यांनी ब्रोकरचा मेल आला. शातोची मालकीण एक म्हातारी बाई. तिने वेबसाइटवर फोटो पाहिले होते. तिचं म्हणणं ब्रोकरने इंग्रजीत करून पाठवलं होतं. सरांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. "त्या झाडाखाली माझा भाऊ आहे. तुमच्या फोटोतून तो कुठे गेला?" दगड जागेवरच राहील, ही अट तिने सुरुवातीलाच घातली होती. ब्रोकर ती आम्हाला कळवायला विसरला होता.

मूळ फोटो आम्ही जपून ठेवतो. दहा मिनिटांत दगड परत आला. पण तोवर एका गिऱ्हाइकाने माझा मोकळा फोटो पाहून मन पक्कं केलं होतं. त्याला नेमकं तिथेच स्विमिंग पूल करायचा होता. नवा फोटो पाहून तो म्हणाला, दगड हलवा, नाहीतर घेत नाही.

बाई दोन महिने अडून राहिली. दुसरं कुणी आलं नाही. एवढं छप्पर, एवढी बाग तिला एकटीला सांभाळवत नव्हती. शेवटी भावाला गावच्या दफनभूमीत नेलं.

हे आम्हाला कळलं ते ब्रोकरने त्या गिऱ्हाइकाला दाखवायला पाठवलेल्या नव्या कामाच्या मेलमधून. तोच बगीचा, तेच झाड. खाली ताज्या मातीचा लांबट चौकोन. सूचना एवढीच, गवत हिरवं करा.

माझा हात माउसवर तसाच राहिला. सर मागे येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "उठा ताई. हा मी करतो." त्यांनी स्वतः बसून केला. त्या दिवशी ते 'एक नंबर' म्हणाले नाहीत.

आता ऑफिसात नियम आहे. ज्या वस्तूवर अक्षरं कोरलेली असतील, ती लेखी विचारल्याशिवाय पुसायची नाही. नियम चांगला आहे. तो केल्यापासून अशी वस्तू एकदाही आलेली नाही.